तार चटकन जुळली

"'आई गेली. निघून ये.' एवढंच पाठवा," संभाजी येडगे म्हणाला आणि गोठ्याच्या उरलेल्या छपराखाली जाऊन उकिडवा बसला.

आसावरी पोतनीसने माइक उचलला. कोंढरवाडीचा मोबाइल टॉवर डोंगराच्या कड्याबरोबरच खाली गेला होता. वाडीतून बाहेर जाणारा प्रत्येक शब्द आता तिच्या हौशी रेडिओ संचातून आणि फणसापासून बांबूपर्यंत ताणलेल्या एका तारेतून जात होता. एरवी ती कराडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. पावसाळ्यात दरड कोसळली, की हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, क्लबच्या गाडीत बसून इकडे यायची.

"नाव, गाव, नंबर पुन्हा सांग," पलीकडून कराडचा कुलदीप म्हणाला. "फार बारीक येतेस गं. बॅटरी उतरलीय का?"

"भरलेली आहे. तारेची जुळणीपण उत्तम, एकास एक दाखवतेय."

"मग तोंडात सुपारी आहे का?"

नेहमीसारखी ती हसली नाही. तिने नंबर पुन्हा सांगितला. संभाजीची मुलगी ठाण्यात नर्सिंग शिकत होती. कुलदीप तिला फोन लावील, आणि एका अनोळखी माणसाच्या आवाजात त्या पोरीला आई गेल्याचं कळेल. असे निरोप आसावरीने गेल्या तीन पावसाळ्यांत बरेच पाठवले होते. त्यांची सवय मात्र झाली नव्हती.

समोर संभाजीचं घर होतं, म्हणजे जिथे घर होतं तिथे तांबड्या मातीचा ढीग होता. संभाजी रात्री म्हैस व्याली म्हणून गोठ्यात होता, तेवढा वाचला. बायको रंजना घरात होती. सकाळी आसावरीने हीच तार त्या ढिगावर लावली, दिवा पांढरा लागला, आणि बचाव पथकाच्या घोरपडे साहेबांनी वाडीतला एकुलता एक पोकलेन ओढ्यापलीकडच्या खालच्या वाडीत हलवला. तिथे आसावरीच्या वडिलांच्या तारेवर हिरवा लागला होता.

पांढरा म्हणजे श्वास नाही. हिरवा म्हणजे आहे.

हे दिवे आले कुठून, ते सांगायला हवं. हॅम लोकांचा जन्म तारा जुळवण्यात जातो. रेडिओला ठरावीक विरोधाची तार लागते आणि हाताला लागलेली तार तशी कधीच नसते. ती लांब असते, आखूड असते, ओल्या झाडाला टेकलेली असते. न जुळलेल्या तारेत रेडिओने ओतलेली शक्ती उलट फिरून परत येते आणि रेडिओलाच भाजते. म्हणून मधे ट्यूनर बसवतात. आत वेटोळी आणि धारित्रं असतात, छोटी छोटी रिले टकटक करत त्यांची जोडी बदलत राहतात आणि रेडिओला हवा तसा विरोध भासवतात. आसावरी वर्गात सांगायची, ट्यूनर हा लग्न जुळवणारा मध्यस्थ आहे. तो तारेला सुधारत नाही, फक्त रेडिओची समजूत काढतो. पुढे संसार कसा होईल, हे त्याला कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका संशोधन गटाच्या लक्षात आलं, की स्वतःहून जुळवणारा ट्यूनर जुळल्यावरही अधूनमधून टकटकतो, आणि त्याला कारण असतं. तारेवर कावळा बसला, खालून माणूस गेला, की तारेचा विरोध केसभर हलतो. माणूस म्हणजे शेवटी खारट पाण्याची पिशवी. ती तारेजवळ असली की तारेला जाणवते. झोपलेल्या माणसाची छाती वरखाली होते तेवढंही जाणवतं, फक्त ते गोंगाटात बुडालेलं असतं. पण श्वासाला लय असते, गोंगाटाला नसते. पुरेसा वेळ ऐकलं आणि लयीत न बसणारं सगळं वजा केलं, की श्वास वर येतो. कमी वारंवारतेच्या लहरी मातीतही काही हात उतरतात. यातून 'स्पंद' नावाचा डबा तयार झाला. ढिगाऱ्यावर तार ताणायची, ट्यूनर जुळवायचा आणि दिव्याची वाट पाहायची.

डबा सरकारने घेतला, तरी तो चालवायला तारांचा सराव असलेली माणसं लागत, म्हणून काम हॅम क्लबांकडे आलं. डोंगरातल्या लोकांनी त्याला आपल्या रीतीत बसवलं. तार वर गेली की सगळे पायताण काढून दोरीबाहेर मांडी घालून बसत. तारेजवळ हललेला माणूस मोजणी बिघडवतो, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. पायताणाचं त्यांचं त्यांनीच ठरवलं. आसावरीच्या डब्याच्या झाकणावर मागच्या वर्षी कुण्या बाईने लावलेलं हळदकुंकू अजून होतं.

डब्याने माणसं वाचवली होती, यात शंका नव्हती. पूर्वी पोकलेन दिसेल तिथे खणायचा आणि बहुतेक वेळा मेलेल्यांपर्यंत पोचायचा. आता तो जिवंतांकडे जायचा. तेव्हापासून एक नियम आपोआप पडला होता. पांढरा लागला की तिथलं खणणं थांबतं.

संदेश गेला. आता तार सोडून, गुंडाळून घ्यावी म्हणून आसावरी उठली. रेडिओ त्याच डब्यातून जोडलेला होता आणि डबा चालूच होता. तारेच्या खालून वाकून ती फणसाकडे गेली, गाठीला हात घातला आणि तशीच थांबली.

काहीतरी व्हायला हवं होतं, ते झालं नव्हतं.

तिला ते कळायला क्षण लागला. टकटक झाली नव्हती. तारेखालून माणूस गेला की ट्यूनर कुरकुरतो. हा कुरकुरला नव्हता.

ती परत तारेखाली आली. हात वर करून बोटं तारेच्या अगदी जवळ नेली. डबा गप्प. तिने दोन्ही हात हलवले, उडी मारली. छपराखालून संभाजी बघत होता. मग तिने सकाळची मोजणी होती तशी पुन्हा सुरू केली आणि स्वतः तारेखाली, ढिगाऱ्याच्या कडेला आडवी पडून राहिली. वरून रिमझिम पाऊस तोंडावर येत होता. ती मोठमोठे श्वास घेत होती.

मोजणी संपली, दिवा लागला. पांढरा.

डब्याच्या मते तिथे जिवंत माणूस नव्हतं.

तिने चिखलात बसूनच विचार केला. कुलदीप म्हणाला होता, बारीक येतेस. जुळणी उत्तम, बॅटरी भरलेली, आणि तरी कराडला आवाज पोचत नव्हता. मग शक्ती जात कुठे होती? हॅम लोकांच्या टेबलावर डमी लोड नावाची वस्तू असते. सगळी शक्ती गिळून गरम होणारा एक रोधक, दुसरं काही नाही. त्याच्याशी जुळणी नेहमी उत्कृष्ट दाखवते, कारण काहीच परत येत नाही. बाहेरही काही जात नाही. सूचनापुस्तिकेप्रमाणे तिने डब्याची जमीन-खुंटी, म्हणजे अर्थिंगची सळई, ढिगाऱ्यात ठोकली होती. मागची तीन वर्षं ढिगारे दगडगोट्यांचे होते, तिथे खुंटी चालून गेली. इथे आठवडाभर भिजलेली चिकट तांबडी माती होती. सगळी शक्ती खुंटीवाटे चिखलात उतरत होती आणि चिखल कोमट करत होती. वरची तार आंधळी होती. म्हणूनच तर ती इतकी चटकन जुळली.

आणि सकाळी चटकन जुळली म्हणून तिला बरं वाटलं होतं! क्लबच्या मैदानी स्पर्धेत सर्वांत आधी तार जुळवणाऱ्याला करंडक मिळतो. घरी बाबांचे तसे चार करंडक होते. लहानपणापासून तिने एवढंच ऐकलं होतं, जिची सुई डगमगत नाही ती तार चांगली.

बाबांचा विचार मनात आला आणि तिने खिशातला छोटा वॉकीटॉकी काढला.

"बाबा, ऐकताय?"

"बोल, आसू." मागे पोकलेनची घरघर होती. "इथे पोरगी आहे आत. दहाएक वर्षांची असेल, आवाजपण आला. हिरवा अगदी ठाम आहे. ओव्हर."

तिने सगळं सांगितलं. माधव पोतनीस टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर तारांत वावरलेले. त्यांना दुसऱ्यांदा समजवावं लागलं नाही.

"इथे खाली मुरूम आहे," ते म्हणाले. "दगडगोटे. म्हणून इथलं दिसतंय. हिरवा खोटा नसतो. दिसलं तर दिसलं."

"पांढरा खोटा असतो."

"पांढरा..." ते थांबले. "आसू, देवळाजवळचं घर. पहाटे. तिथला पांढरा मी दिलाय."

तिला ते ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. देवळाजवळचं घर संभाजीच्या चुलत्यांचं, याच तांबड्या मातीखाली गेलेलं. आत पाच माणसं होती.

"पिवळा दिवा असता तर?" ती म्हणाली.

पहिल्या डब्यांवर तिसरा दिवा होता, पिवळा. 'सांगता येत नाही' या अर्थाचा. प्रत्येक वेळी अधिकारी विचारायचे, पिवळा म्हणजे खणायचं की नाही? क्लबच्या वतीने बाबांनीच बैठकीत सांगितलं होतं, लोकांना आकडे कळत नाहीत, दिवा कळतो, दोनच ठेवा. त्या बैठकीत आसावरीही होती. तिनेही मान हलवली होती.

"मी लोकांना सांगणार आहे," ती म्हणाली.

"आत्ता नको. ऐक माझं. ही पोरगी बाहेर निघेपर्यंत थांब. दोरीबाहेर तुझ्याकडे शंभर माणसं बसलीत. ती बसलीत, कारण आत कुणी उरलं नाही असं आपण सांगितलंय. तू म्हणालीस की असू शकेल, तर दोरी कोण मानेल? फावडी घेऊन चढतील. वरचा कडा अजून सुटा आहे, तो येईल खाली. आणि तो नाही आला, तरी शंभर माणसं ढिगावर नाचत असताना तू तारेतून काय ऐकणारेस? सांगितलंस तर ऐकता येणार नाही. ओव्हर."

"आणि नाही सांगितलं तर दोरीबाहेर का बसायचं, हे सांगता येणार नाही."

"वाद घालू नकोस, आसू."

"वाद नाही घालत, बाबा. कळवतेय."

तिने बटण सोडलं. खरखर थांबली. बाबांना तिने आजवर असं कधी कळवलं नव्हतं. ती विचारायची.

घोरपडे दोरीजवळ चहा घेत उभे होते. तिचं ऐकून त्यांनी पेला खाली ठेवला.

"मॅडम, मला एका शब्दात सांगा. पांढरा की हिरवा?"

"दोन्ही नाही."

"असं काही माझ्याकडे नाही. मला वर कळवायचंय. दोनपैकी एक सांगा."

"मग कळवा, की पोतनीसबाईंनी सकाळी चूक केली आणि आता त्या पुन्हा मोजतायत."

"आणि हे?" त्यांनी हनुवटीने लोकांकडे दाखवलं. "यांना मी कशानं धरून ठेवू? माझ्याकडे अकरा माणसं आहेत."

ती छपराखाली गेली आणि संभाजीसमोर बसली. त्याने तिच्या चिखलाने भरलेल्या पाठीकडे पाहिलं.

"तुमी कशापायी पडला हुता तितं?"

"संभाजीराव, मी सकाळी तुम्हाला सांगितलं ते चुकीचं होतं. तारेला काही दिसतच नव्हतं. मी स्वतः तिथे झोपले, तर मीपण तिला दिसले नाही."

"म्हंजी रंजी जित्ती हाय?"

"तेही माहीत नाही. आहे की नाही, हे मला कळलेलंच नव्हतं. मी कळल्यासारखं सांगितलं."

तो म्हणाला, "आन् मी पोरीला सांगून बसलो की वो."

तो आवाज चढवून बोलला नव्हता, पण दोरीजवळच्या पहिल्या रांगेने ऐकलं. बातमी मागे सरकत गेली तशी बदलत गेली. शेवटच्या माणसापर्यंत पोचली तेव्हा ती 'रंजी जित्ती हाय' एवढीच उरली होती. पाच-सात जण फावडी घेऊन उठले. घोरपडेंनी शिट्टी फुंकली. त्यांची माणसं हात पसरून उभी राहिली. दोरी ताणली गेली.

"थांबा!" आसावरी ओरडली. "मला पुन्हा तार लावायचीय. तुम्ही हललात तर मला काही दिसणार नाही. तेवढा वेळ बसून राहा!"

"सकाळी बसलो न्हवं?" एक दांडगा तरुण म्हणाला. "पायताण काढून बसलो, देवाफुडं बसल्यागत. काय मिळालं?"

"बाई, तुझा डबा आदी दवाखान्यात ने," मागून एक म्हातारी म्हणाली. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

लोकांनी आसावरीचं ऐकायला हवं होतं, आणि का ऐकावं, याचं एकुलतं कारण तिने आत्ताच स्वतःच्या हाताने मोडलं होतं. ती मागे वळली आणि कामाला लागली. खुंटी उपटली. गाडीतून दुसरी तार काढली आणि पहिलीच्या उलट दिशेला, कंबरेएवढ्या उंचीवर, बांबूंच्या टोकांवरून नेली. कुठेही मातीला टेकू दिली नाही. आता शक्तीला चिखलात उतरायची वाट नव्हती. एका तारेतून निघालेली दुसरीने सांभाळायची. तिने बटण दाबलं.

ट्यूनर वेड लागल्यासारखा टकटकू लागला. सुई चढली, पडली, पुन्हा चढली. क्लबातल्या कुणी ही जुळणी पाहिली असती तर तोंड फिरवलं असतं.

"आता काय झालं त्याला?" संभाजी दोरीच्या आत येऊन उभा होता. त्याला कुणी अडवलं नव्हतं.

"त्याला तुम्ही दिसलात."

त्याचा विश्वास बसला नाही. तो तारेकडे एक पाऊल गेला. टकटक वाढली. मागे सरला, कमी झाली. त्याने हात वर केला, टक. खाली घेतला, टक. मग तो पुतळ्यासारखा उभा राहिला आणि डबा हळूहळू शांत झाला. सकाळी हाच डबा मुका होता, हे त्याने पाहिलं होतं. दोरीवरच्या लोकांनीही.

संभाजी वळला. "बसा रं समदी," तो म्हणाला. "माझी बायकू हाय आत. तुमची न्हवं. मी बसतुया, तर तुमाला काय झालंय?"

आणि तो होता तिथेच चिखलात बसला. दांडग्या तरुणाने फावडं आडवं टाकलं. म्हातारी खाली बसताना कण्हली. या वेळी कुणी पायताण काढलं नाही.

आसावरीने दिव्यांवर चिकटपट्टी लावली. डब्याच्या छोट्या पडद्यावर मोजणीची कच्ची रेघ उघडली आणि ती बघत राहिली. नुसता गोंगाट होता. पाऊस, वारा, लांबचा पोकलेन. डबा एकेक वजा करत गेला. रेघ सपाट होत आली आणि त्या सपाटीतून काहीतरी हळूच वर आलं. उतरलं. पुन्हा वर आलं.

लय होती. संथ, स्पष्ट, माणसाची लय.

संभाजी तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तो बसल्या जागेवरून पडद्याकडे वाकला. काहीही न सांगता त्याला कळलं.

"त्योच हाय का?" तो कुजबुजला. "श्वास?"

"श्वास आहे."

त्याने दोन्ही हात तोंडावर धरले. आणि आसावरीला दिसलं, की त्याची छाती वर गेली तशी रेघ वर गेली.

हे तिला सांगायचं नव्हतं. जगात कुणालाही हे सांगावं लागू नये असं तिला वाटलं. तो तारेपासून चार हातांवर बसला होता. तिनेच त्याला उठवायला हवं होतं आणि ती विसरली होती. लोक बसले, या आनंदात विसरली होती.

"संभाजीराव," ती म्हणाली, "थोडा वेळ श्वास रोखून धराल?"

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने पडद्याकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि तोंड मिटलं.

रेघ वर गेली आणि तिथून हळूहळू आडवी झाली. आडवीच राहिली. संभाजीचा चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली. तो सोडेना. दोरीबाहेरच्या लोकांना काय चाललंय ते कळत नव्हतं, तरी तेही श्वास रोखून बसले होते. रेघेवर एक बारीकसा थरथराट आला, त्याच्या डोळ्यांत काहीतरी लखलखलं. पण तो खाली पोकलेनने बादली आपटल्याचा होता. रेघ पुन्हा आडवी झाली.

शेवटी त्याचा श्वास सुटला. पडद्यावर ती रेघ वर उसळली.

"उठा," आसावरी हळूच म्हणाली. "लांब जाऊन बसा. मी नीट पूर्ण मोजते."

तो लांब गेला. तिने पूर्ण मोजलं. मग तारांची दिशा बदलून पुन्हा मोजलं. प्रत्येक वेळी आधी स्वतः तारेखाली उभी राहून डब्याला आपण दिसतो ना, ते पाहिलं. दिसत होती. बाकी काही दिसत नव्हतं. या वेळचा पांढरा खरा होता.

ती त्याच्याकडे गेली तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"न्हाई?"

"नाही."

"सकाळी हुती का?"

पाऊस थांबला होता. फणसावरून थेंब पडत होते. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही तारेत नव्हतं आणि कधी येणारही नव्हतं. ती म्हणू शकली असती, नसेलच. एवढा ढिगारा, एवढी ओल. तो ते मानून चालला असता, आणि कदाचित तीही.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. हो म्हणून नव्हे, नाही म्हणूनही नव्हे.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून गलका उठला. शिट्ट्या, टाळ्या, बायांचं रडणं. वॉकीटॉकी खरखरला.

"निघाली पोरगी. जिवंत आहे," बाबांचा आवाज फाटला होता. "पोकलेन मोकळा झालाय, आसू. कुठे पाठवू? तिकडचं काय?"

बटणावर अंगठा ठेवून ती उभी राहिली. संभाजीच्या घरचं काय, ते आता तिला माहीत होतं. देवळाजवळच्या घराचं अजून कुणालाच माहीत नव्हतं. तरी या माणसासमोर उभं राहून ते तोंडातून निघेना. यंत्र पुन्हा त्याच्या दारावरून पुढे न्यायचं होतं.

संभाजी उठला. धोतराला लागलेला चिखल त्याने झटकला नाही.

"देवळाकडं पाठवा म्हनावं," तो म्हणाला. "चुलत्याची पोरं हायती आत."

तिने तेच शब्द सांगितले. मग बाबा म्हणाले, "मी येतोय. तिथली खुंटी मी उपटतो." ओव्हर म्हणायला ते पुन्हा विसरले.

संभाजी फणसाकडे चालू लागला होता. त्याने तारेची गाठ सोडली आणि टोक हातात घेऊन वळला. दोरीबाहेरचा तो दांडगा तरुणही पुढे आला, बांबू उपटू लागला.

"कशी न्यायची ही?" संभाजीने विचारलं.

"वर धरा," आसावरी म्हणाली. "कुठेही जमिनीला टेकू देऊ नका."

त्याने हात खांद्याच्या वर उचलला आणि देवळाची वाट धरली.